धावपटू विल्मा रुडॉल्फ

अमेरिकेतील टेनेसी राज्यात, क्लार्क्सव्हिल गावी वाढलेल्या या कृष्णवर्णीय कन्येचा जन्म २३ जून १९४० चा. बावीस भावंडांत ती विसावी. बालपणीच पोलिओने तिचा डावा पाय लुळा पडला. माता ब्लँश दुसऱ्यांच्या घरी मोलमजुरी करी. तरी दर आठवड्यास ती मुलीला ८० किलोमीटरवरील नॅशव्हिलच्या रुग्णालयात नेई. आमच्या नांदेडहून परभणी जवळजवळ तितकीच. घरी भावंडे पाळीपाळीने पाय चोळीत. बाराव्या वर्षी पायाचा आधारपट्टा सुटला. १९५६ साली मेलबर्नला रिलेत कांस्यपदक, आणि १९६० साली रोमला १०० मीटर, २०० मीटर व रिले अशी तीन सुवर्णपदके!

गावाने सत्कार योजिला. तेथे गोरे व काळे यांचे समारंभ निराळे होत. तसा सत्कार आपण घेणार नाही, असे विल्माने कळविले. गावास नमावे लागले आणि मेजवानीस दोघेही प्रथमच एकत्र बसले. आमच्या लहानपणी आमच्या गावीही पंगती निराळ्या असत. आम्ही त्यांत निमूटपणे जेवलो आहोत.

१९६२ साली धावणे सोडून तिने पुढे शाळेत शिकविले, म्हणजे व्यवसायाने ती आमची भगिनीच. १२ नोव्हेंबर १९९४ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, ती निवर्तली.