मजूरमंत्री बाबासाहेब आणि झरियाच्या कोळसा खाणी

महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, राज्यघटनेची निर्मिती आणि नागपूरची धम्मदीक्षा हे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रातील टप्पे आपल्या समाजातील लहान मुलालाही ठाऊक असतात. मात्र १९४२ ते १९४६ या चार वर्षांची ओळख त्या मानाने कमी आहे. या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य, म्हणजेच मजूरमंत्री होते आणि देशातील खाणींचा कारभार त्यांच्या खात्याकडे होता. सत्तेवर बसलेल्या माणसाने श्रमिकांकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा धडा या चार वर्षांत आहे.

कामगारांचे जिणे बाबासाहेबांना पुस्तकातून कळलेले नव्हते. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजींच्या घरी जन्मलेला हा मुलगा मुंबईत परळच्या गिरणगावात, चाळीतील एका खोलीत अभ्यास करून मोठा झाला. कोलंबिया आणि लंडन येथील विद्या घेऊन परतल्यावरही त्यांचा मुक्काम कामगार वस्तीतच राहिला. १९२८ साली मुंबई विधिमंडळात स्त्री कामगारांना प्रसूतीची भरपगारी रजा मिळावी म्हणून आलेल्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाचा हक्क आक्रसणाऱ्या कायद्याविरुद्ध मुंबईच्या कामगारांना रस्त्यावर आणले. जुलै १९४२ मध्ये त्यांनी मजूर खाते स्वीकारले, त्यामागे हा सारा अनुभव होता.

या खात्यात त्यांच्यासमोर आलेला सर्वांत अवघड प्रश्न बंगाल-बिहारच्या कोळसा पट्ट्यातला होता. दामोदर नदीच्या खोऱ्यातील राणीगंज परिसरात १७७४ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या परवानगीने कोळसा काढण्यास प्रारंभ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आगगाडी झरियापर्यंत पोहोचली आणि थोड्याच वर्षांत झरिया हे देशातील सर्वांत मोठे कोळसा क्षेत्र बनले. खाणीत उतरणारे बहुतांश लोक संथाळ, बाउरी, भुइयाँ अशा आदिवासी आणि दलित जमातींचे होते. पुरुष कोळसा फोडी. त्याला मलकट्टा म्हणत. त्याची पत्नी किंवा बहीण तो टोपलीत भरून डब्यांपर्यंत वाहून नेई. तिला कामीन म्हणत. तान्ही मुलेही आईबरोबर अंधारात जात. १९२३ च्या कायद्याने मुलांना खाणीत नेण्यास मनाई केली आणि पुढे टप्प्याटप्प्याने स्त्रियांचे भूमिगत काम कमी करीत १९३७ मध्ये ते पूर्णपणे बंद करण्यात आले.

दुसऱ्या महायुद्धाने हे चित्र पालटले. पूर्व भारतात विमानतळ आणि लष्करी रस्ते यांची कामे निघाली. उघड्यावरच्या त्या कामांकडे मजूर वळले, त्यात १९४३ चा दुष्काळ आला आणि कोळशाचे उत्पादन घसरले. कोळशावाचून आगगाड्या आणि कारखाने थांबणार, अशी स्थिती आली. तेव्हा सरकारने ऑगस्ट १९४३ मध्ये मध्य प्रांतात स्त्रियांवरील भूमिगत कामाची बंदी उठवली. वरोऱ्याला १८७१ मध्ये जिथे सरकारी खाण सुरू झाली होती, तो आपला चंद्रपूरचा मुलूख त्या वेळी याच प्रांतात होता. त्याच वर्षाअखेरपर्यंत बंगाल आणि बिहारमध्येही बंदी उठली.

हा निर्णय बाबासाहेबांच्या खात्याचा होता. अखिल भारतीय महिला परिषदेने त्याचा निषेध केला आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात त्यावर कडक टीका झाली. बाबासाहेबांनी निर्णयाची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली नाही. ही युद्धकाळापुरती तडजोड आहे आणि स्त्रीला पुरुषाइतक्याच कामाला पुरुषाइतकेच वेतन मिळाले पाहिजे, अशी भूमिका त्यांनी सभागृहात मांडली. प्रसूतीच्या रजेसाठी झगडलेल्या नेत्याला स्त्रियांच्या भूमिगत कामाचे समर्थन करावे लागावे, ही वेदनादायक गोष्ट होती. त्यांच्या अनुयायांनी ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. कठीण निर्णय घेतल्यानंतर त्यांनी काय केले, हे मात्र त्याबरोबर सांगितले पाहिजे.

डिसेंबर १९४३ मध्ये ते स्वतः धनबाद-झरियाला गेले. कचेरीत बसून अहवाल वाचण्यावर समाधान न मानता ते खाणीत उतरले, काम करणारे स्त्री-पुरुष त्यांनी पाहिले आणि कामगारांच्या वस्त्यांचीही पाहणी केली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, जानेवारी १९४४ च्या अखेरीस, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावर उपकर बसवून त्या पैशातून कामगारांची घरे, पाणी, आरोग्य आणि शिक्षण यांची सोय करावी, अशी ही योजना होती. कामगाराचे कल्याण मालकाच्या दयेवर न सोडता कायद्याने बांधलेल्या निधीवर उभे करणे, हा तिचा गाभा होता. १९४३ आणि १९४५ मध्ये खाणीतील स्त्रियांच्या प्रसूती लाभाचा कायदा त्यांनी सुधारून घेतला. खाणीच्या तोंडाशी पाळणाघरे आणि स्नानगृहे असावीत, यासाठी तरतुदी झाल्या. १९४६ मध्ये अभ्रकाच्या खाणीतील कामगारांसाठीही स्वतंत्र कल्याण निधी उभा राहिला. आणि १ फेब्रुवारी १९४६ पासून स्त्रियांच्या भूमिगत कामावरील बंदी पुन्हा लागू झाली. दिलेला शब्द पाळला गेला.

त्याच वर्षी बाबासाहेबांनी ते पद सोडले. कोळसा निधीच्या वटहुकुमाचे १९४७ मध्ये कायद्यात रूपांतर झाले आणि त्यातून पुढे धनबाद व आसनसोल येथे खाण कामगारांची मध्यवर्ती रुग्णालये आणि धनबादजवळ भुली येथे कामगार वसाहत उभी राहिली. सारे दुःख यामुळे संपले असे मात्र नाही. बंदीनंतर अनेक घरांतील स्त्रीची मजुरी गेली आणि तिला पर्यायी काम मिळाले नाही. खासगी मालकांच्या कितीतरी खाणींत कायदा कागदावरच राहिला. खाणींचे राष्ट्रीयीकरण होण्यास १९७१ ते १९७३ ही वर्षे उजाडावी लागली. कायदा हे साधन आहे. ते वापरणारी संघटित आणि शिक्षित माणसे नसतील, तर ते गंजून जाते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपूरच्या भूमीवर बुद्धाचा धम्म स्वीकारला आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दुःख आहे हे मान्य करणे, त्याचे कारण शोधणे आणि ते नाहीसे करण्याचा मार्ग चालणे, ही तथागतांची शिकवण आहे. दीक्षेच्या तेरा वर्षे आधी झरियाच्या अंधारात उतरलेला मजूरमंत्री याच वाटेने चालत होता, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

आपल्या वसतिगृहात शिकून मोठ्या झालेल्या मुलामुलींपैकी कोणी अधिकारी होईल, कोणी अभियंता, कोणी वकील. त्यांच्या टेबलावर श्रमिकांच्या जीवनाचा निवाडा करणाऱ्या फायली येतील. तेव्हा सही करण्यापूर्वी त्यांनी एकदा जागेवर जाऊन, खाली उतरून पाहावे. आणि तडजोड करणे भागच पडले, तर ती उघडपणे मान्य करून तिचे ओझे हलके करण्यासाठी रात्रंदिवस झटावे. या महामानवाला तेच खरे अभिवादन होईल.