योहान सेबास्तियान बाख

जर्मनी देशाच्या थुरिंगिया प्रांतात आयसेनाख म्हणून एक लहानसे नगर आहे. तेथे १६८५ सालच्या मार्च महिन्यात योहान सेबास्तियान बाख याचा जन्म झाला. त्याच्या घराण्यात संगीताचा धंदा वंशपरंपरेने चालत आला होता. आठ भावंडांत हा सर्वांत धाकटा. तो नऊ वर्षांचा असता त्याची आई वारली, आणि वर्ष पुरे होण्याच्या आत बापही देवाघरी गेला. तेव्हा ओरड्रुफ येथे मंदिरात ऑर्गन वाजविणाऱ्या थोरल्या भावाने ह्या पोरक्या मुलास आपल्या घरी नेले. असे सांगतात की, भावाने कपाटात बंद करून ठेविलेली गतींची एक वही तो रात्री जाळीतून काढी आणि चांदण्याच्या उजेडात उतरून घेई. सहा महिन्यांनी नक्कल पुरी झाली, तो भावाने ती हिरावून घेतली.

त्या काळी तेथील मंदिरांत ऑर्गन हे मुख्य वाद्य असे. तो आपल्याकडील पायपेटीसारखा नव्हे. त्याला लाकडाच्या व धातूच्या शेकडो लहानमोठ्या नळ्या असत. माणसे मागे भाते चालवीत. वाजविणारा हातांनी वरच्या पट्ट्या दाबी आणि पायांनी खालच्या पट्ट्या दाबून खर्जाचे सूर काढी. १७०३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, बाख यास आर्नश्टाट येथील मंदिरात ह्या कामावर नेमिले. १७०५ साली चार आठवड्यांची रजा घेऊन, सुमारे अडीचशे मैलांची वाट पायी चालून, तो बुक्स्टेहुडे नामक वृद्ध वादकाचे वादन ऐकण्यास ल्युबेक नगरी गेला, आणि परतला तो चार महिन्यांनी! वरिष्ठांनी त्यास जाब विचारला. गीतांच्या साथीत तो इतके विलक्षण सूर मिसळतो की मंडळी गोंधळून जाते, असाही ठपका त्यांनी ठेविला.

पुढे तो वायमारच्या ड्यूकच्या पदरी राहिला. १७१७ साली दुसरी चाकरी धरण्यासाठी निरोप मागण्याचा त्याने हट्ट धरिला, म्हणून ड्यूकने त्यास सुमारे चार आठवडे कैदेत ठेविले. तेथून सुटून तो क्योथेनच्या राजपुत्राकडे गेला. ह्या दरबारच्या उपासनेत साध्या स्तोत्रगायनापलीकडे संगीत नसे. म्हणून येथे त्याने व्हायोलिन, बासरी आणि हार्प्सिकॉर्ड ह्यांसाठी पुष्कळ रचना केल्या. हार्प्सिकॉर्डची पट्टी दाबली म्हणजे आत पिसाच्या टोकाने तार छेडली जाते.

सुमारे १६०० ते १७५० पर्यंतच्या युरोपीय संगीतास बरोक म्हणतात. खाली खर्जाची अखंड चाल, हा त्याचा पाया होय. फ्यूग नावाच्या प्रकारात एक आवाज चाल धरितो. ती संपते न संपते तोच दुसरा तीच चाल वेगळ्या सुरावर उचलितो, मग तिसरा. आणि पहिला मात्र थांबत नाही. सर्व आपापल्या वाटेने जातात, तरी कलह होत नाही. ह्या प्रकारात बाखची बरोबरी करणारा कोणी झाला नाही.

१७२० साली तो राजपुत्राबरोबर प्रवासास गेला होता. परत येऊन पाहतो, तो पत्नी मारिया बार्बारा हिला मूठमातीही देऊन झालेली! घरात चार मुले होती. पुढल्या वर्षी त्याने आना माग्डालेना नामक गायिकेशी विवाह केला. दोन्ही विवाहांची मिळून त्यास वीस मुले झाली. त्यांपैकी दहाच वयात आली.

१७२३ साली लाइपझिग नगरात संत थोमाच्या शाळेत मुलांस गायन शिकविण्याची व नगरातील मंदिरांच्या संगीताची जागा त्यास मिळाली. नगरसभेने प्रथम टेलेमान व मग ग्राउप्नर ह्यांस बोलाविले होते. ते न आल्यामुळे बाखची निवड झाली. येथे त्याने सत्तावीस वर्षे सेवा केली. पहिल्या काही वर्षांत तो बहुतेक दर रविवारी एक नवा कँटाटा सिद्ध करी. कँटाटा म्हणजे त्या दिवसाच्या शास्त्रपाठास अनुसरून रचिलेली गायनमाला: कधी सर्व गायक मिळून, कधी एकटा गायक, कधी बोलल्यासारखे गायन, आणि बहुधा शेवटी मंडळीच्या ओळखीचे एक साधे गीत. सोमवारपासून रचना, मग घरच्या मंडळीकडून व शिष्यांकडून नकला, मग मुलांची तालीम, आणि रविवारी उपासना! अशा सुमारे दोनशे धार्मिक रचना उरल्या आहेत. कित्येक नष्ट झाल्या.

१७२७ सालच्या उत्तम शुक्रवारी त्याने मत्तयाच्या शुभवर्तमानातील प्रभूचे दुःखसहन दोन गायकवृंद व दोन वाद्यवृंद योजून गावविले. त्यात प्रभूचे शब्द येतात तेव्हा तंतुवाद्यांचे लांब, शांत सूर त्यांना वेढून राहतात. वधस्तंभावर प्रभू देवाला हाक मारितो, तेथे मात्र ते सूर गप्प होतात. ऐकणाऱ्यास तो एकटेपणा समजावून सांगावा लागत नाही.

इतके करूनही नगरसभा प्रसन्न नव्हती. १७३० साली त्याने लेखी कळविले की, गाण्यास योग्य मुले फारच थोडी आहेत. सभेने उलट त्याच्याच कामात दोष काढिले. लोकांची आवड पालटली, आणि त्याची रीत जुनी व बोजड आहे असे म्हणणारे निघाले. शेवटी दृष्टी गेली. १७५० साली एका इंग्रज वैद्याने त्याच्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली; गुण आला नाही, आणि २८ जुलै रोजी तो मरण पावला. कबरेवर नावाचा दगडही नव्हता. आना माग्डालेना १७६० साली दानधर्मावर दिवस काढीत वारली.

११ मार्च १८२९ रोजी बर्लिन येथे मेंडेल्सझोन नामक वीस वर्षांच्या तरुणाने ते दुःखसहनाचे गायन पुन्हा लोकांस ऐकविले, तेव्हा कोठे बाखच्या महान रचनांकडे जगाचे डोळे वळले. १९५० साली त्याच्या अस्थी संत थोमाच्या मंदिरात आणून ठेविण्यात आल्या.

आपल्या कित्येक रचनांच्या आरंभी तो येशूचे साहाय्य मागणारी अक्षरे लिही, आणि अखेरीस गौरव केवळ देवाचे, ह्या अर्थाची. वाचकहो, ह्या रचना त्याने पुढल्या शतकासाठी केल्या नव्हत्या. येता रविवार, हाताशी असलेली थोडी मुले आणि समोर बसणारी मंडळी, एवढ्यांसाठीच त्या होत्या. थोड्या गायकांनिशी उपासना चालविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, आणि तेवढ्यांचीही तालीम चुकवू नये.