अंकलखोपच्या चाबुकस्वाराने घोड्यांच्या जोरावर उभी केली देशी सर्कस

घरच्या घोडीचं शिंगरू वाढवायचं, त्याला हळूहळू दोराची, लगामाची, गर्दीची आणि ढोल-ताशांची सवय लावायची आणि एके दिवशी चार लोकांसमोर मैदानात उतरवायचं, हा नाद ग्रामीण भागातल्या अनेक पोरांना आजही आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या यात्रेत असे घोडे बघायला लांबलांबून माणसं येतात. घरच्यांना मात्र हा नाद फारसा रुचत नाही. घोड्याने पोट भरतं का, हा प्रश्न ठरलेला. दीडशे वर्षांपूर्वी कृष्णाकाठच्या एका तरुणाने या प्रश्नाचं उत्तर असं दिलं, की ते बघायला मोठमोठ्या शहरांत तिकिटं काढून गर्दी होऊ लागली. त्या तरुणाचं नाव विष्णुपंत मोरेश्वर छत्रे. भारतीय सर्कशीचे जनक म्हणून त्यांना ओळखलं जातं.

विष्णुपंतांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अंकलखोपचा. आज हे गाव सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात, औदुंबरच्या दत्तस्थानाला लागून आहे. ब्राह्मणाच्या घरातला मुलगा, म्हणजे शिकावं आणि कुठे तरी कारकुनी धरावी, हा तेव्हाचा सरळ रस्ता. विष्णुपंतांना मात्र दोनच वेड होती, घोडा आणि गाणं. या दोन्हींसाठी त्यांनी तरुणपणीच घर सोडून थेट ग्वाल्हेर गाठलं. शिंद्यांच्या त्या राजधानीत बाबासाहेब आपटे हे अश्वविद्येतले मोठे जाणकार होते आणि गाण्यात हद्दू खाँसाहेबांचा दबदबा होता. विष्णुपंतांनी आपट्यांकडे घोडा शिकून घेतला आणि खाँसाहेबांकडे गाणं. रेल्वेचं जाळं अजून पसरायचं होतं, त्या काळात कृष्णाकाठावरून ग्वाल्हेर म्हणजे केवढी मजल!

परत आल्यावर त्यांनी पोटासाठी धरला तो चाबुकस्वाराचा धंदा. हा शब्द आता फारसा कानावर पडत नाही. चाबुकस्वार म्हणजे कोरा घोडा फिरवून स्वारीला तयार करणारा माणूस. संस्थानांच्या पागांमध्ये मोतद्दार खरारा करायचे, चंदी घालायचे. पण ज्याच्या पाठीवर अजून कुणी बसलेलंच नाही अशा जनावराला माणसाळवायचं काम चाबुकस्वाराचं. नावात चाबूक असला तरी तो मारण्यासाठी नसतो. चांगल्या चाबुकस्वाराचा चाबूक घोड्याला दिशा दाखवतो. पुढे चल, वळ, थांब, हे सगळं त्याच्या इशाऱ्यावर. आधी लांब दोरावर गोल फिरवायचं, डावीकडून जे शिकवलं ते उजवीकडूनही शिकवायचं, मग खोगिराचं ओझं आणि सगळ्यात शेवटी माणूस. साधारण तीन वर्षांचा होईपर्यंत शिंगराच्या पाठीवर वजन टाकू नये, नाहीतर पाय आणि कंबर कायमची जायची. आज रील काढायच्या घाईत दीड वर्षाच्या वासरावर बसणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

कुरुंदवाडच्या पटवर्धन संस्थानिकांनी विष्णुपंतांना आपल्या पागेवर नेमलं. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचं हे छोटं संस्थान, आज कोल्हापूर जिल्ह्यातला शिरोळ तालुका. बऱ्याच इंग्रजी लिखाणात या गावाचं नाव कुर्डुवाडी असं पडलंय आणि वाचणारे सोलापूरच्या रेल्वे जंक्शनवर सर्कशीचा इतिहास शोधत बसतात. ते कुरुंदवाडच. इथे विष्णुपंत पागा तर सांभाळायचेच, पण घोड्यांवरच्या कसरतीही करून दाखवायचे. नोकरी पक्की होती आणि राजाची मर्जीही होती. आयुष्य तसंच गेलं असतं तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

मग 1879 च्या सुमारास मुंबईत इटलीच्या जुसेप्पे कियारिनीची रॉयल इटालियन सर्कस आली. राजेसाहेबांबरोबर विष्णुपंतही ती बघायला गेले. घोड्यांचे खेळ बघून सगळी मुंबई थक्क झाली होती. विष्णुपंतांना ते खेळ आवडले, पण डोळे दिपले नाहीत. इतरांना जादू वाटत होती, त्यामागची मेहनत हा माणूस रोज करत होता. खेळ संपल्यावर कियारिनीशी बोलणं झालं आणि त्यात त्याने हिंदुस्थानी माणसाला अशी सर्कस काढायला अजून बराच काळ लागेल, अशा अर्थाचं काही तरी म्हटलं. ते विष्णुपंतांना झोंबलं. यातून पैज लागली असंही सांगतात. रक्कम किती, मुदत किती, हे सांगणारा बदलला की बदलतं. मूळ गोष्ट मात्र सगळे एकच सांगतात: कुरुंदवाडचा चाबुकस्वार अपमान गिळून परत आला आणि कामाला लागला.

सर्कस म्हटली की आपल्याला वाघ-सिंह, झुले आणि विदूषक आठवतात. पण सर्कशीचा जन्मच मुळी घोड्यापासून झाला. अठराव्या शतकात लंडनमध्ये फिलिप ॲस्टली नावाच्या निवृत्त घोडेस्वार सैनिकाने गोल रिंगणात घोडा पळवून त्याच्या पाठीवर उभं राहण्याचे खेळ सुरू केले. गोलात ठराविक वेगाने पळणाऱ्या घोड्यावर माणूस आतल्या बाजूला झुकून तोल सांभाळू शकतो, सरळ धावेत ते अवघड जातं. पुढे जगभर सर्कशीचं रिंगण 42 फूट व्यासाचं ठरलं, ते याच हिशोबातून. म्हणजे कियारिनीची खरी पुंजी होती घोडा आणि रिंगण. दोराला धरून घोडा गोल फिरवण्यात विष्णुपंतांची उमर गेली होती. हिंदुस्थानी माणसाला जमणार नाही असं तो ज्याच्याशी बोलला, तो नेमका चुकीचा हिंदुस्थानी होता.

1880 साली कुरुंदवाडात निवडक पाहुण्यांसमोर विष्णुपंतांच्या ग्रेट इंडियन सर्कसचा पहिला खेळ झाला. मुख्य खेळाडू ते स्वतःच होते. घोड्यांवरची कामं त्यांची, आणि त्यांच्या पत्नीही खेळात उतरल्या. त्या काळात पांढरपेशा घरातल्या बाईने झुल्यावर चढणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. याबद्दल विष्णुपंतांचं नाव घेतात, त्यांच्या पत्नीचं धाडस मात्र एका ओळीत उरकतात.

नंतरची वर्षं प्रवासाची. आधी उत्तर हिंदुस्थान, मग मद्रास, सिलोन, पुढे आग्नेय आशिया. अमेरिकेपर्यंतही मजल मारली, पण तिथल्या अवाढव्य सर्कशींपुढे टिकाव लागला नाही. या फिरतीत केरळमधल्या तेलिचेरीला त्यांची गाठ किलेरी कुन्हीकण्णन या कसरतीच्या शिक्षकाशी पडली. सर्कशीसाठी मुलं तयार करून देण्याचं त्यांचं ठरलं. कुन्हीकण्णन यांनी 1901 मध्ये तिथे सर्कशीची शाळाच काढली आणि पुढे कित्येक दशकं देशभरच्या सर्कशींना तिथून खेळाडू मिळत राहिले. इकडे म्हैसाळचे देवल, सांगलीचे कार्लेकर, तासगावचे परशुराम माळी यांच्या सर्कशी निघाल्या. एकाच पट्ट्यातून एवढे तंबू उठले.

गाण्याचं वेड मात्र सुटलं नव्हतं. हद्दू खाँसाहेबांचे चिरंजीव रहिमत खाँ घरच्या आघातांनंतर अफूच्या आहारी गेले होते आणि काशीत भणंग अवस्थेत फिरत होते. विष्णुपंतांनी आपल्या गुरूचा मुलगा ओळखला आणि त्यांना बरोबर घेतलं. सर्कशीचा मुक्काम पडेल तिथे खाँसाहेबही असायचे आणि त्यांच्या मैफली होऊ लागल्या. लहरी कलावंताला धाक न दाखवता सांभाळून घेण्याची हातोटी विष्णुपंतांकडे होतीच. ती त्यांनी पागेत मिळवली होती.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विष्णुपंत गेले. सर्कस त्यांचे बंधू काशिनाथपंतांनी चालवली आणि रहिमत खाँनाही त्यांनी अंतर दिलं नाही. भूगंधर्व म्हणून गाजलेले खाँसाहेब 1922 मध्ये वारले, ते कुरुंदवाडातच.