मुलांना खेळतें करणारा वैद्य

ज्यांची बुद्धि मंद गतीनें उमलते अशा मुलांना कांहींच शिकवितां येणार नाहीं, असें एके काळीं युरोपांतील मोठमोठे वैद्यही मानीत. हा समज खोटा ठरविणारे एद्वार सेगँ यांचा जन्म फ्रान्समध्यें क्लामसी गांवीं २० जानेवारी १८१२ रोजीं झाला.

पॅरिस येथें डॉ. इतार यांच्या हाताखालीं त्यांनीं अशाच एका मुलास शिकविण्याचें काम पत्करलें. मन जागें करावयाचें तर आधीं हातपाय जागे केले पाहिजेत, हें त्यांनीं ओळखलें. म्हणून त्यांच्या पद्धतींत पाटीपुस्तकाआधीं शिडी, झोपाळा व डंबेल्स आले. १८४६ सालीं त्यांनीं ही पद्धति ग्रंथरूपानें मांडली. पुढें ते अमेरिकेंत गेले व तेथील अशा शाळांचे मार्गदर्शक झाले. २८ ऑक्टोबर १८८० रोजीं न्यूयॉर्क येथें त्यांचें देहावसान झालें.

त्यांचें काम मात्र थांबलें नाहीं. माँटेसरीबाईंनीं त्यांचे ग्रंथ स्वहस्तें उतरून काढले. मुंबईंत वकील दांपत्यानें आपल्या दीना नांवाच्या मुलीसाठीं १९४४ सालीं शाळा काढली. १९६८ सालीं शिकागो येथें अशा खेळाडूंचे पहिले स्पेशल ऑलिंपिक्स भरले. आज हे सामने आपल्या देशांतही होतात, आणि त्यांचा भार मोबदल्याविना राबणारे स्वयंसेवक वाहतात.

विद्यार्थ्यांनो, मालाडच्या आपल्या गल्लींत खेळ पाहत कडेला उभें राहणारें एखादें मूल तुम्हांस ठाऊक असेल. उद्यां पहिला चेंडू त्याच्याकडे टाका. तें झेलतांना चुकेल, पुन्हा टाका. सेगँ यांनीं याहून निराळें कांहीं केलें नाहीं.