मोठी नावं सोडा, कामाचा गडी उचला : सी. के. नायडूंची होळकर टीम आजही फँटसी लीगवाल्यांना शिकवते

आयपीएलचा सीझन आला की अमरावतीच्या राजकमल चौकापासून अकोल्याच्या कॉलेज कट्ट्यापर्यंत एकच चर्चा असते. टीममध्ये कोण घेतला? कॅप्टन कोणाला केलं? पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली, तरी मित्रामित्रांत टीम लावायची हौस काही गेली नाही. फुटबॉलवाले तर ड्राफ्ट करतात. सगळे एकत्र बसतात, आळीपाळीने एकेक खेळाडू उचलतात आणि एकाने उचललेला खेळाडू दुसऱ्याला मिळत नाही.

थोडक्यात, तुम्ही कोणाला घेतलं यासोबत तुम्ही कोणाला गमावलं हेही ड्राफ्टमध्ये ठरतं.

असाच एक ड्राफ्ट ८० वर्षांपूर्वी मध्य भारतात झाला होता. ना ॲप होतं, ना लिलाव. जिंकणारी टीम इंदूरची होती आणि खेळाडू गमावणारी टीम होती आपली, म्हणजे वऱ्हाड ज्या प्रांतात होतं त्या प्रांताची. आणि या सगळ्याच्या मधोमध होता नागपूरचा एक माणूस. नाव कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजेच भारताचे पहिले टेस्ट कॅप्टन सी. के. नायडू.

नागपूरचा पोरगा, इंदूरचा कर्नल

सी. के. यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा, नागपूरचा. घरी तेलुगू, आजोबा नारायणस्वामी नागपुरातले नावाजलेले वकील. पुढे १९०३ मध्ये अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हा वऱ्हाडाचा मुलूख मध्य प्रांताला जोडला गेला आणि नागपूर ही सगळ्यांचीच राजधानी झाली. त्यामुळे सी. के. नागपूरचे असले, तरी अमरावती-अकोल्याच्या माणसासाठी ते आपल्याच प्रांताचे होते.

१९१६ मध्ये मुंबईच्या गाजलेल्या स्पर्धेत हिंदू संघाकडून ते पहिल्यांदा खेळले. तेव्हा संघ धर्मावरून पडायचे आणि समोर युरोपियनांचा संघ असायचा. उंच, ताठ बांध्याचा हा फलंदाज बॉल अडवत बसण्यापेक्षा उचलून मारण्यासाठी प्रसिद्ध झाला.

१९२३ मध्ये इंदूरच्या होळकर महाराजांनी त्यांना बोलावून घेतलं आणि आपल्या फौजेत कॅप्टन केलं. पुढे ते कर्नल झाले. त्या काळात क्रिकेटमध्ये पगार नव्हता. खेळाडूला पोट भरायचं तर संस्थानाची नोकरी हाच मार्ग होता. नागपुरात क्रिकेट होतं, पण खेळाडूला पोसणारा राजा नव्हता. इंदुरात तो होता.

इथंच आपल्या प्रांताचा पहिला खेळाडू उचलला गेला.

तीन वर्षांनी, डिसेंबर १९२६ मध्ये, इंग्लंडहून आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ आला. बॉम्बे जिमखान्यावर हिंदू संघाकडून सी. के. यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा ठोकल्या, त्यात ११ सिक्स होते. एका डावातला सिक्सचा तो तेव्हाचा विक्रम होता. भारतीय पोरं इंग्रजांशी बरोबरीनं खेळू शकतात हे त्या दुपारी सगळ्यांनी पाहिलं. दोनच वर्षांनी भारतीय क्रिकेट बोर्ड उभं राहिलं. त्यामागे ज्या घटना होत्या, त्यात ही खेळी हमखास मोजली जाते.

नाव बघून कॅप्टन केला की काय होतं?

फँटसी खेळणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक कोणती? फॉर्म न बघता नाव बघून कॅप्टन करणं. भारतीय क्रिकेटनं हीच चूक दोनदा केली आणि दोन्ही वेळा सी. के. त्याच्या मधे होते.

१९३२ मध्ये भारत पहिल्यांदा टेस्ट खेळायला इंग्लंडला गेला. कॅप्टन होते पोरबंदरचे महाराज आणि व्हाइस कॅप्टन लिंबडीचे राजपुत्र. कारण साधं होतं, कॅप्टन राजघराण्यातला हवा. पण महाराजांची बॅट काही चालेना. हे ओळखून त्यांनी स्वतःच बाजूला व्हायचं ठरवलं. लिंबडी जखमी झाले. मग २५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर भारताची पहिली टेस्ट सुरू झाली तेव्हा कॅप्टन होते सी. के. नायडू.

संघातल्या काहींना हे रुचलं नव्हतं. आपल्यातलाच एक साधा माणूस आपल्यावर हुकूम सोडणार, ही कल्पनाच त्यांना पचत नव्हती. त्यात सी. के. यांची शिस्त कडक आणि बोलणं तुटक. ते सगळ्यांचे लाडके कधीच नव्हते.

पण आकडे बघा. त्या दौऱ्यात त्यांनी प्रथम श्रेणी सामन्यांत १,६१८ धावा केल्या आणि ६५ विकेट घेतल्या. बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टनवर मारलेला त्यांचा एक सिक्स तर नदीपलीकडे गेला. ती नदी तेव्हा दोन काउंट्यांची हद्द होती, म्हणजे बॉल एका काउंटीतून निघून दुसऱ्या काउंटीत पडला. १९३३ मध्ये विस्डेननं वर्षातल्या सर्वोत्तम पाच खेळाडूंत त्यांची निवड केली. हा मान मिळालेले ते भारताच्या टेस्ट संघातले पहिलेच खेळाडू.

यानंतर तरी धडा घ्यायला हवा होता, पण १९३६ च्या दौऱ्यासाठी कॅप्टन झाले विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजे विझी. पैसा, ओळखी आणि राजकारणाच्या जोरावर. तीन टेस्टच्या सहा डावांत त्यांच्या धावा झाल्या ३३. लाला अमरनाथ यांना दौरा अर्धवट असताना घरी पाठवलं गेलं. बाका जिलानी यांनी नाश्त्याच्या टेबलावर सी. के. यांचा अपमान केला आणि त्याचं बक्षीस म्हणून त्यांना टेस्ट खेळायला मिळाली, असा किस्सा क्रिकेटच्या वर्तुळात आजही सांगितला जातो.

त्याच दौऱ्यात ओव्हलवर गबी ॲलनचा बॉल सी. के. यांच्या अंगावर जोरात आदळला. ते तरीही खेळत राहिले आणि ८१ धावा करून परतले. ती त्यांची शेवटची टेस्ट. सात टेस्ट, ३५० धावा, ९ विकेट. एवढ्यावर त्यांचं टेस्ट करिअर संपलं, तेव्हा ते चाळिशीत होते.

बाकी कोणी असतं तर इथं गोष्ट संपली असती. सी. के. यांचं खरं काम मात्र यानंतर सुरू झालं.

होळकर टीम कशी उभी राहिली?

इंदूरला यशवंतराव होळकर महाराजांचा पैसा होता, तर क्रिकेटचं डोकं सी. के. यांचं होतं. १९४० च्या दशकात रणजी ट्रॉफीत होळकर संघ उतरला आणि १९४४-४५ ते १९५४-५५ या ११ सीझनमध्ये तब्बल १० वेळा फायनलला गेला. त्यातल्या चार ट्रॉफी जिंकल्या : १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३.

या टीमची रचना बघितली की ड्राफ्टचे धडे आपोआप सापडतात.

पहिला धडा म्हणजे लवकर हेरा. मुश्ताक अली हा इंदूरचाच मुलगा. शाळकरी वयातच सी. के. यांची नजर त्याच्यावर पडली आणि त्यांनी त्याला घडवलं. १९३४ मध्ये सी. के. यांच्याच कॅप्टन्सीत तो टेस्टमध्ये आला तो डावखुरा स्पिनर म्हणून. १९३६ मध्ये मँचेस्टरला ओपनिंगला जाऊन त्यानं ११२ धावा केल्या. परदेशात टेस्ट शतक करणारा तो पहिला भारतीय.

दुसरा धडा, दोन्हीकडून पॉइंट देणारा गडी घ्या. चंदू सरवटे स्पिन टाकायचे आणि बॅटिंगही करायचे. १९४६ मध्ये ओव्हलवर सरेविरुद्ध सरवटे दहाव्या आणि शुटे बॅनर्जी अकराव्या नंबरला खेळायला आले आणि दोघांनीही शतक मारलं. शेवटच्या विकेटसाठी २४९ धावांची भागीदारी झाली. सरवटे १२४ वर नाबाद राहिले. आता असा माणूस तुमच्या फँटसी टीममध्ये शेवटच्या क्रमांकावर असेल तर अजून काय पाहिजे?

तिसरा धडा, खोली ठेवा. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध होळकरांनी ८ बाद ९१२ वर डाव सोडला. एकाच डावात सहा जणांची शतकं झाली. त्यात खुद्द सी. के. होते आणि भाऊसाहेब निंबाळकरही. पुढे १९४८-४९ मध्ये महाराष्ट्राकडून खेळताना नाबाद ४४३ धावा करणारे ते हेच निंबाळकर.

चौथा धडा जरा कडू आहे. एक मोठा स्टार घेतला म्हणजे मॅच जिंकली असं होत नाही. महायुद्धाच्या काळात इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन फौजेच्या नोकरीवर इंदूरजवळच्या महूला होता. १९४४-४५ च्या फायनलला होळकरांनी त्याला खेळवलं. मुंबईनं ८६७ धावांचं टार्गेट दिलं. कॉम्प्टननं नाबाद २४९ केल्या, तरी होळकर ३७४ धावांनी हरले. सी. के. यांचे धाकटे भाऊ सी. एस. नायडू यांनी त्या सामन्यात ९१७ बॉल टाकले. एका माणसानं एका प्रथम श्रेणी सामन्यात टाकलेल्या बॉलचा तो विक्रम आहे.

पुढच्याच वर्षी होळकर चॅम्पियन झाले, तेही कॉम्प्टनशिवाय. आणि त्या फायनलमध्ये बडोद्याविरुद्ध २०० धावा कोणी केल्या? ५० वर्षांच्या सी. के. नायडूंनी.

म्हणून पाचवा धडा असा की वय बघून माणूस खोडू नका, तो आज काय करतोय ते बघा. पन्नाशीनंतरही सी. के. खेळत राहिले. मुंबईच्या दत्तू फडकरांचा बॉल तोंडावर बसून दात पडले, तरी त्यांनी मैदान सोडलं नाही असं सांगतात. साठी ओलांडल्यावर १९५६-५७ मध्ये ते उत्तर प्रदेशकडून रणजी खेळले. शेवटचा प्रथम श्रेणी सामना खेळले तेव्हा त्यांचं वय ६८ होतं.

पण मग आपल्या टीमचं काय झालं?

आता पुन्हा सुरुवातीच्या मुद्द्यावर येऊ. ड्राफ्टमध्ये एकानं उचललं की दुसऱ्याचं जातं.

होळकर संघाची यादी जरा नीट वाचा. सी. के. नागपूरचे. सी. एस. नागपूरचे. डावखुरे स्पिनर हिरालाल गायकवाड नागपूरचे. सरवटे सागरचे, म्हणजे पुन्हा मध्य प्रांताचेच. रणजीत या प्रांताचा स्वतःचा संघ होता, नाव सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार. यातला बेरार म्हणजे आपलं वऱ्हाड. सरवटे आणि गायकवाड दोघंही आधी याच संघाकडून खेळले आणि मग इंदूरला गेले.

दोष ना खेळाडूंचा होता, ना सी. के. यांचा. पोटापाण्याची सोय जिथं होती तिथं माणसं गेली. पण परिणाम असा झाला की ज्या प्रांतानं होळकरांना हुकमी गडी दिले, त्या प्रांताला रणजी कधीच जिंकता आली नाही.

राजाश्रयावर उभी राहिलेली टीम राजांसोबतच संपते. संस्थानं गेली आणि १९५४-५५ च्या फायनलनंतर होळकर हे नाव रणजीतून पुसलं गेलं. १९५६ मध्ये सी. के. यांना पद्मभूषण मिळालं. हा सन्मान मिळालेले ते पहिले क्रिकेटपटू. राष्ट्रीय निवड समितीवरही त्यांनी काम केलं. १४ नोव्हेंबर १९६७ ला इंदूरमध्येच त्यांचं निधन झालं. आज त्यांच्या नावानं तरुण खेळाडूंची ट्रॉफी खेळली जाते आणि बोर्डाचा जीवनगौरव पुरस्कारही त्यांच्याच नावाचा आहे.

इकडे १९५७-५८ पासून विदर्भ म्हणून वेगळा संघ रणजी खेळू लागला. पण पुढची ६० वर्षं ट्रॉफीचं नाव नाही. मोठ्या संघांना विदर्भाची मॅच म्हणजे सोपा पेपर वाटायचा.

हिशेब इंदूरलाच चुकता झाला

मग विदर्भानं तेच केलं जे कधीकाळी होळकरांनी केलं होतं. स्थानिक पोरं घडवली आणि त्यांच्या जोडीला बाहेरून कामाची माणसं आणली. मुंबईहून कोच चंद्रकांत पंडित आले. करिअर संपत आलं असं ज्याच्याबद्दल बोललं जात होतं तो वसीम जाफर आला. कॅप्टन होता नागपूरचा फैज फजल.

२०१७-१८ ची रणजी फायनल विदर्भ विरुद्ध दिल्ली अशी ठरली. मैदान होतं इंदूरचं होळकर स्टेडियम.

त्या फायनलमध्ये विदर्भानं एका १९ वर्षांच्या फास्ट बॉलरला पहिल्यांदा प्रथम श्रेणी सामना खेळायला दिला. आदित्य ठाकरे त्याचं नाव आणि गाव अकोला. रजनीश गुरबानीनं हॅटट्रिक घेतली आणि १ जानेवारी २०१८ ला विदर्भ ९ विकेटनं जिंकून पहिल्यांदा रणजी चॅम्पियन झाला. पुढच्या सीझनला चाळिशी ओलांडलेल्या जाफरनं १,०३७ धावा केल्या आणि ट्रॉफी पुन्हा विदर्भाकडेच राहिली. २०२४-२५ मध्ये तिसरी आली. आणि आयपीएलच्या लिलावात अमरावतीच्या जितेश शर्मासाठी बंगळुरूनं ११ कोटी मोजले, त्याच सीझनला बंगळुरू चॅम्पियनही झाली.

सी. के. नायडूंच्या काळात वऱ्हाडातल्या पोराला मोठं व्हायचं तर आधी आपली टीम सोडावी लागायची. आज तो विदर्भाकडून खेळूनही देशभरातल्या फँटसी टीममध्ये पोचतो. तेव्हा पुढच्या वेळी टीम लावताना शेवटची एक जागा उरली आणि मोठं नाव घ्यावं की फॉर्ममधला कमी माहितीचा गडी, असा प्रश्न पडला, तर होळकरांची १९४५-४६ ची टीम आठवा. त्यांनी कॉम्प्टनशिवाय ट्रॉफी उचलली होती.