रक्ताच्या कर्करोगावर औषधाची वाट दाखविणारे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव

शोळिंगनल्लूर (चेन्नई) : जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरील शोळिंगनल्लूर हे उपनगर आज संगणक कंपन्यांच्या उंच इमारतींसाठी ओळखले जाते. हाच रस्ता उत्तरेकडे अड्यारला पोहोचतो. तेथे डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांतून १९५४ साली सुरू झालेली कर्करोग संस्था आहे. अशा संस्थांमध्ये रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना मेथोट्रेक्सेट हे औषध दिले जाते. या औषधामागे ज्या शास्त्रज्ञाचे परिश्रम आहेत, ते याच शहरात वैद्यक शिकले होते. त्यांचे नाव डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव.

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी तत्कालीन मद्रास इलाख्यातील भीमवरम येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. शाळेत त्यांचे मन रमत नसे आणि मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शिक्षण घेऊन त्यांनी मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळविला. या शिक्षणासाठी सासऱ्यांनी आर्थिक साह्य केले. स्वदेशीच्या चळवळीने भारावलेले सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा अंगरखा घालू लागले. त्यामुळे इंग्रज प्राध्यापकांची त्यांच्यावर इतराजी झाली आणि त्यांना एम.बी.बी.एस. या पदवीऐवजी एल.एम.एस. या कमी दर्जाच्या प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले.

याच काळात कुटुंबावर मोठा आघात झाला. स्प्रू या आतड्याच्या विकाराने त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने दगावले. या रोगात आतड्यांना अन्नातील पोषक द्रव्ये शोषून घेता येत नाहीत, जुलाब थांबत नाहीत, शरीर झिजत जाते आणि रक्त तयार होण्याची क्रिया मंदावते. पुढे स्वतः सुब्बाराव यांनाही याच रोगाने ग्रासले. मद्रासमधील वैद्य डॉ. अचंता लक्ष्मीपती यांच्या आयुर्वेदिक उपचारांनी ते बरे झाले. त्यांच्याच आयुर्वेद महाविद्यालयात सुब्बाराव यांनी काही काळ शरीररचनाशास्त्र शिकविले. ज्या रोगाने भाऊ हिरावून नेले त्याचे मूळ शोधायचे, हा निश्चय मात्र त्यांच्या मनात पक्का झाला होता.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभी ते अमेरिकेत बोस्टनला गेले. पत्नी शेषगिरी मायदेशीच राहिल्या. पुढे त्यांचे तान्हे बाळ दगावले. सुब्बाराव पुन्हा कधीच भारतात येऊ शकले नाहीत. अमेरिकेत वैद्यकीय व्यवसायाचा परवाना नसल्याने उदरनिर्वाहासाठी त्यांना रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे करावी लागली. दिवसा ते हार्वर्ड विद्यापीठात शिकत आणि संशोधन करीत.

हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासमवेत त्यांनी शरीरातील फॉस्फरसचे प्रमाण मोजण्याची पद्धत शोधली. १९२५ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत फिस्के-सुब्बाराव या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झाली. स्नायूंना ऊर्जा पुरविणाऱ्या फॉस्फोक्रिएटिन आणि ए.टी.पी. या द्रव्यांवरील त्यांचे संशोधन अनुक्रमे १९२७ आणि १९२९ साली प्रसिद्ध झाले. एवढे होऊनही हार्वर्डमध्ये त्यांना कायमचे पद मिळाले नाही. १९४० साली ते न्यूयॉर्कजवळील लेडर्ले या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले आणि तेथील संशोधनाचे प्रमुख झाले.

येथे त्यांना आपल्या मूळ प्रश्नाकडे वळता आले. त्याचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर महिलेने मुंबईतील गर्भवती गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला होता. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, असे त्यांनी १९३१ साली दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे फोलिक आम्ल होय. सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखालील पथकाने १९४५ साली हे आम्ल प्रयोगशाळेत तयार केले. स्प्रूच्या रुग्णांवरही ते परिणामकारक ठरले. भावांसाठी हे औषध फार उशिरा आले होते.

संशोधन येथे थांबले नाही. बोस्टनच्या बालरुग्णालयातील डॉ. सिडनी फार्बर यांना असे आढळले, की रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना फोलिक आम्लाच्या गटातील द्रव्ये दिल्यास रोग बळावतो. तेव्हा फोलिक आम्लाचे कार्य रोखणारे द्रव्य दिले तर रोगपेशींची वाढ खुंटेल, असा विचार पुढे आला. सुब्बाराव यांच्या पथकाने अशी द्रव्ये तयार करून फार्बर यांना पुरविली. त्यांपैकी ॲमिनोप्टेरिन हे औषध दिलेल्या १६ मुलांपैकी १० मुलांची प्रकृती काही काळ सुधारली. जून १९४८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुधारणा तात्पुरती होती, परंतु असाध्य मानलेला हा रोग औषधाने मागे हटू शकतो, हे सिद्ध झाले. याच गटातील मेथोट्रेक्सेट पुढे अधिक उपयुक्त ठरले.

ही औषधे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील कृष्णवर्णीय रुग्णांपर्यंतही पोहोचली. त्या काळी अमेरिकेतील अनेक रुग्णालये कृष्णवर्णीयांना प्रवेश नाकारीत किंवा वेगळ्या कक्षात ठेवीत. हार्लेम रुग्णालयातील कृष्णवर्णीय शल्यविशारद डॉ. लुई राइट स्वतः क्षयाने दीर्घकाळ आजारी होते. त्यातून उठून त्यांनी कर्करोग संशोधनाचे केंद्र उभारले. लेडर्लेच्या ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाचा माणसांवर प्रथम वापर त्यांनीच केला. १९४९ साली त्यांच्या कन्या डॉ. जेन राइट त्यांना येऊन मिळाल्या आणि फोलिक आम्लविरोधी औषधांचा अभ्यास या पितापुत्रीने केला. उपचारांची वाट इतरांनी दाखविण्याची प्रतीक्षा त्यांनी केली नाही. ही जागरूकता आजही तितकीच आवश्यक आहे. मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कर्करोग अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमध्ये गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात आढळतो.

सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतूनच हत्तीरोगावरील डायइथिलकार्बामॅझिन हे औषधही पुढे आले. भारतातील हत्तीरोग निर्मूलन मोहिमांत त्याच्या गोळ्या लाखो लोकांना देण्यात आल्या. मात्र प्रसिद्धीची हौस सुब्बाराव यांना नव्हती आणि यशाचे श्रेय ते सहकाऱ्यांना देत. भारतीयांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळण्याचा मार्ग १९४६ साली खुला झाला, तरीही ते अखेरपर्यंत भारतीयच राहिले.

ऑगस्ट १९४८ मध्ये, फार्बर यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यानंतर दोनच महिन्यांनी, हृदयविकाराने झोपेतच त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५३ वर्षांचे होते. भारतीय टपाल खात्याने १९९५ साली, त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त, त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

फोलिक आम्ल, मेथोट्रेक्सेट आणि डायइथिलकार्बामॅझिन ही तिन्ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. विकसित देशांत मुलांमधील सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगातून आज सुमारे ९० टक्के मुले वाचतात. गर्भवती महिलेच्या हाती सरकारी दवाखान्यात पडणारी लोह व फोलिक आम्लाची गोळी असो, की अड्यारच्या रुग्णालयातील मुलाला दिले जाणारे इंजेक्शन, मद्रासच्या या विद्यार्थ्याचे नाव माहीत नसतानाही त्याचे कार्य रुग्णांपर्यंत रोज पोहोचत आहे.