डॉ. रखमाबाई आणि त्यांची वैद्यकसेवा

आपल्या सुतार ज्ञातीत जन्मलेल्या डॉ. रखमाबाईंचे नाव निघाले की प्रथम आठवतो तो त्यांचा खटला. त्याच्यापुढे त्यांच्या सुमारे ३५ वर्षांच्या वैद्यकसेवेचा आपणांस विसर पडतो, म्हणून या स्मरणिकेत आम्ही तिकडेच ज्ञातिबंधुभगिनींचे लक्ष वेधू इच्छितो.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. आई जयंतीबाई पंधराव्या वर्षी माता आणि सतराव्या वर्षी विधवा झाल्या. ज्ञातीत पुनर्विवाहास मज्जाव नसल्यामुळे पुढे त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला, आणि वैद्यकविद्या घरात आली. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. परंतु नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले. १८८४ साली पतीने दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदावयास जा अथवा सहा महिने कारावास भोगा असे फर्मावताच त्यांनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली. ‘केसरी’सारखे पत्रही त्यांच्यावर उलटले होते. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली.

पुढे काय, हा खरा प्रश्न त्यानंतरचा. कामा रुग्णालयाच्या डॉ. ईडिथ पीची यांनी प्रोत्साहन दिले, वर्गणीही जमली, आणि १८८९ साली रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात गेल्या. पंधराव्या वर्षी आई झालेल्या स्त्रीच्या कन्येस बाळंतिणीचे दुःख निराळे शिकवावे लागले नसेल, असे आम्हांस वाटते. लंडनच्या रॉयल कॉलेजांच्या परीक्षांची दारे तेव्हा स्त्रियांस बंद होती. म्हणून एडिंबरो व ग्लासगो येथील संस्थांची परीक्षा देऊन १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या. त्यांस हिंदुस्थानातील पहिली स्त्री-डॉक्टर म्हणण्याचा मोह आम्ही आवरतो. आनंदीबाई जोशी १८८६ सालीच पदवीधर झाल्या होत्या, आणि कलकत्त्यास कादंबिनी गांगुली रुग्ण तपासू लागल्या होत्या.

१८९५ साली रखमाबाईंनी सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाची सूत्रे हाती घेतली. विद्या होती, खाटा होत्या. बाळंतिणी मात्र येत नव्हत्या. बाळंतपण म्हणजे घरातली अंधारी खोली आणि सुईण, हाच काय तो रिवाज. सुईणीने हात टेकले म्हणजे मग डॉक्टरीण आठवायची, आणि तोवर बहुधा वेळ निघून गेलेली असायची. रुग्णालयात पाऊल टाकणे म्हणजे मरणास जाणे, ही समजूत वादविवादाने कशी जावी? तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणवून तिची सुखरूप सुटका केली आणि बायकांचा धीर बांधला, अशी आठवण सांगितली जाते. न्यायालयात निर्भय उभ्या राहिलेल्या या विदुषीस शेळीच्या बाळंतपणात कमीपणा वाटला नाही, याचे आम्हांस खटल्याहूनही अधिक अप्रूप वाटते.

हळूहळू स्त्रिया येऊ लागल्या. प्लेगच्या दिवसांतही रखमाबाईंनी सुरत सोडली नाही. पुढे राजकोटच्या जनाना रुग्णालयात त्यांनी तेच कार्य चालविले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. निवृत्तीनंतर त्या मुंबईस परतल्या, पडदापद्धतीविरुद्ध त्यांनी एक पुस्तिका लिहिली, आणि २५ सप्टेंबर १९५५ रोजी वयाच्या ९०व्या वर्षी त्यांचे निधन झाले.